पाठीमागचं उभं राहणं

१२ मार्च. मी गच्चीवर वाळलेले पापड डब्यात भरत होते. खाली अंगणात आमच्या बचत गटाच्या बाया लाटत बसल्या होत्या. नव्या सुमनला मी सकाळीच सांगितलं होतं, "तुझा हात जड आहे. कडा जाड राहतात. उद्यापासून येऊ नकोस."

वरून सहज पाहिलं, तर सुमन शेजारणीशी हसत लाटत होती आणि पापड इतका पातळ की खालचं लाकूड दिसावं. म्हटलं, जवळून बघू. खाली जाऊन नेहमीसारखी तिच्या मागे उभी राहिले, कमरेवर हात ठेवून. तिची मान खांद्यांत गेली, लाटणं अडखळलं आणि कड जाड राहिली.

काशीबाई वर न बघता म्हणाल्या, "ताई, तुम्ही मागं आलात की आमचीबी पाठ ताठते. आम्ही जुन्या, निर्ढावलो."

सगळ्या हसल्या. सुमन हसली नाही.

मी कमरेवरचे हात काढले, पण ते कुठे ठेवायचे ते कळेना. मी कधी आवाज चढवत नाही, याचा मला अभिमान होता. माझं अंगच ओरडत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. जड हाताच्या म्हणून आजवर किती जणींना घरी पाठवलं, ते आठवायचं धैर्य झालं नाही. तिथेच बोलायला हवं होतं, पण मी पुन्हा गच्चीवर निघून गेले.

१३ मार्च. सकाळी सुमनच्या घरी गेले. आधी तिच्या ओट्यावर बसले आणि मग म्हणाले, "चूक माझी होती. येतेस का?"