किल्ल्याच्या गावात आखलेले डोळे

जपानला मी गेलो ते मुलाला परत आणायला. लोकांना सांगितलं, फिरायला चाललोय. पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना आहे आणि मूर्तीचे डोळे आखायचं काम आमच्या घरात माझ्याशिवाय एकट्या त्यालाच येत होतं. गेल्या वर्षापासून माझा उजवा हात कापतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्यांनी झोप तेवढी येते.

आठ दिवसांचा मुक्काम. आठवडाभर तो कंपनीत आणि मी त्याच्या खुराड्याएवढ्या खोलीत. रविवारी तो मला जवळच्या एका जुन्या किल्ल्याच्या गावी घेऊन गेला. आम्ही रायगड जिल्ह्यातली माणसं, किल्ला म्हणजे चढण आलीच, म्हणून मी गुडघ्याला पट्टा बांधून निघालो. बघतो तर किल्ला भर बाजारात, सपाटीवर, भोवती पाण्याचा खंदक. मुलगा हसला. मला कुठलं हसू येतंय? कसं विचारायचं, याचीच जुळवाजुळव डोक्यात चालली होती.

खंदकाजवळच्या गल्लीत एक दुकान होतं. आत लाल, गोल, मिशीवाले बाहुले, आणि एकालाही डोळे नाहीत. बाजूला शाई नि ब्रश. मला वाटलं, माल अर्धवट राहिलाय, कारागीर जेवायला गेला असेल. आमच्याकडे दुसऱ्याच्या कारखान्यात काम अडलेलं दिसलं, तर आल्यासरशी चार डोळे आखून द्यायची रीत आहे. मुलगा बाहेर फोनवर बोलत होता. मी ब्रश उचलला.

डावा बरा आला. उजव्याला हात सटकला आणि रेघ थेट गालावर गेली. दुकानाची मालकीण धावत आली. बोलली पुष्कळ, पण आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली. मुलानं कमरेत वाकून वाकून माफी मागितली आणि तो बाहुला विकत घेतला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, यांचे डोळे मुद्दाम कोरे ठेवतात. काही मागायचं असलं की गिऱ्हाईक स्वतः एक डोळा काढतं. मिळालं की दुसरा."

झाली शोभा. तो मात्र माझ्या हाताकडे बघत होता. "कधीपासून हाय हे?"

"वर्ष झालं. म्हणून तर आलोय. जूनपासून गणपतीपर्यंत ये, तेवढंच. नायतर कारखाना बंद करावा लागेल रे."

तो खंदकाच्या कठड्याला टेकला. मग म्हणाला, "मला पण येत नाय आता. गेल्या गणपतीला इथं मातीचा केला होता, वीतभर. डोळे मेलेले आले. तीनदा पुसले. शेवटी तसाच नेऊन बुडवला. तुम्हाला सांगितलं नाय."

सातव्या वर्षी त्याचा हात हातात धरून मी पहिली भुवई काढून घेतली होती. तो हात गेला आणि मला पत्ताही नाही. माझा गेला तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं. माझ्या आजोबांपासून चालत आलेलं काम त्या परक्या पाण्याकाठी, भर दुपारी, संपलं.

तरी मी म्हटलं, "डोळे राहू देत. नुसता ये. गणपतीत घरी जेवायला ये."

"गणपतीत रजा नाय मिळत, बाबा," तो म्हणाला.