डाव्या कोपऱ्यातला हिरवा डाग

लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला आमच्या शाहूपुरीतल्या घरी मोठा टीव्ही आला, तेव्हाचा फुगीर पाठीचा पिक्चर ट्यूबवाला, आणि त्याच्यासोबत होम थिएटर. नवऱ्याला आवाजाचा भारी नाद. खोली अरुंद असल्यामुळे एक उंच स्पीकर त्यांनी शोकेसच्या डाव्या कप्प्यात, टीव्हीला अगदी खेटून उभा केला. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तो काळा ठोकळा बघवेना. त्यांनी त्यावर खालपर्यंत लोंबणारं क्रोशाचं कापड टाकलं आणि वर फुलदाणी ठेवली. त्यानंतर तिथं स्पीकर आहे हे आम्ही विसरूनच गेलो.

त्या टीव्हीवर सगळ्यात जास्त चालली ती आमच्या लग्नाची सीडी. आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवायची. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात डाग आहे हे कळलं ते नवऱ्याच्या थोरल्या काकांमुळे. पंगतीच्या दृश्यात ते नेमके त्या कोपऱ्यात बसलेले, आणि चेहऱ्यावर शेवाळ धरल्यासारखा हिरवा रंग. त्यांच्यामागचं सगळं जांभळं, काळपट.

"आरं, मला हिरवा केलासा की!" काका स्वतःच मोठ्यानं हसले.

दिवाळी व्हायच्या आत काका गडमुडशिंगीला शेतात मोटार चालू करायला गेले आणि तिथेच बसल्या जागी गेले.

मग समोरच्या घरातली म्हातारी. अक्षता टाकताना ती त्याच कोपऱ्यात उभी होती. थंडीत ताप आला आणि तीही गेली. तिच्या घरून परत आल्यावर आत्याबाई पाय धुता धुता म्हणाल्या, "ह्या टीव्हीत जे हिरवं पडतंय, ते जातंय."

"आत्या, त्या कोपऱ्यात निम्मं गाव येऊन गेलंय. सगळी धडधाकट हायत की."

"व्हय? बघ मग."

मी हसले खरी, पण दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना सीडी लावली. पाठवणीपर्यंत पुढे नेली. मी गाडीत बसते आहे, सगळे रडत आहेत, आणि डाव्या कोपऱ्यात माझे वडील, आप्पा. पंच्याने डोळे पुसणारा हात हिरवा, कपाळ हिरवं. मी टीव्ही बंद केला आणि जयसिंगपूरला फोन लावला.

"काय गं, अशा वेळी?" आप्पांचा आवाज ठणठणीत होता.

"सहज."

त्यानंतर तो डाग घालवणं हे माझं कामच झालं. रंग कमीजास्त केले, सीडी पुसली, वायर बदलल्या. केबल लावली तर बातम्या देणारी बाईही त्या कोपऱ्यात हिरवीच. म्हणजे सीडीत खोट नव्हती. मेकॅनिकला बोलावलं. त्याने टीव्ही बाहेर खोलीच्या मधोमध ओढला आणि वायरचं मोठं कडं आणून पडद्यासमोर गोल गोल फिरवलं. सगळे रंग पाण्यात सांडल्यासारखे ढवळले आणि चित्र स्वच्छ झालं.

"वहिनी, पडद्यात चुंबक भरलंतं. काढलं."

टीव्ही परत शोकेसमध्ये ठेवला, आणि दोन दिवसांत डाग पुन्हा दिसला. त्याच जागी. आत्याबाई आता त्या खोलीत जेवायलाही बसेनात.

एका दुपारी टीव्ही चालू ठेवून मी शोकेस झाडत होते. पडद्यावर तीच पाठवणी चाललेली, मी आप्पांवर थांबवली होती. क्रोशाच्या कापडावरची धूळ झटकायला म्हणून तो ठोकळा पुढे ओढला, आणि आप्पांच्या कपाळावरचा हिरवा रंग हलला. मी हात काढून घेतला. रंगही थांबला. पुन्हा ओढला तर तो जिवंत असल्यासारखा कपाळावरून खांद्यावर, खांद्यावरून कडेला सरकत गेला. स्पीकरमध्ये चुंबक असतं हे शाळेत शिकलेलं मला तेव्हा आठवलं.

स्पीकर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. मेकॅनिकने पुन्हा कडं फिरवलं. या वेळी डाग गेला तो कायमचा. संध्याकाळी मी मुद्दाम आत्याबाईंना समोर बसवून सीडी लावली.

"बघा. काय न्हाय."

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यो कोण?"

आप्पांच्या मागे एक उंच, पांढऱ्या शर्टातला माणूस उभा होता. आतापर्यंत जांभळ्या काळोखात तो दिसलाच नव्हता. मी सीडी मागे नेली. अक्षतांच्या वेळी म्हातारीच्या शेजारी तोच. पंगतीत काकांच्या मागे, हात मागे बांधून, तोच. कुठेही कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

"तुमच्याकडचं पावणं असंल," आत्याबाई म्हणाल्या.

"मला वाटलं तुमच्याकडचं."

नवऱ्याने लग्नातल्या आचाऱ्याला घरी आणून दाखवलं. तो म्हणाला, "आमच्यातला न्हाय ह्यो." फोटोवाल्यालाही ओळखू आला नाही.

शेवटी आप्पांनाच जयसिंगपूरहून बोलावून घेतलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला.

"हा होय! तुमची गाडी हलली आणि माझ्या डोळ्यापुढं अंधारी आली. पडलोच असतो. ह्यानं मागनं दंडाला धरलं. पाणी दिलं. म्हणाला, बसा जरा, घाई काय हाय. मी समजलो, जावईबापूंच्या घरचं कोणतरी."

"अंधारी आली? मला कुणी सांगितलं नाही ते."

"लग्नात काय सांगायचं."

दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब बराच वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. त्यानंतर आप्पा पुष्कळ वर्षं जगले, माझ्या मुलांना सायकल शिकवून गेले. आत्याबाई मात्र शेवटपर्यंत म्हणायच्या की तो माणूस तिघांनाही न्यायला आला होता, आणि आप्पांना का सोडलं ते त्याचं त्याला ठाऊक. नवरा म्हणायचा, मंडपाजवळून जाणारा कुणीतरी, फुकट जेवायला शिरलेला.

मी त्या दिवशी आप्पांना एवढंच विचारलं होतं की हात कसा होता त्याचा.

आप्पांनी थोडा वेळ आपला दंड चोळला. "गार," ते म्हणाले. "पर घट्ट."