ज्या घरी पाणी विचारलं नाही

माझी रजा संपायला आठ दिवस उरले होते आणि लेकीला कुठे ठेवायचं ते अजून ठरलं नव्हतं. लेक सव्वा वर्षाची. नुकती चालायला लागलेली, म्हणजे चालायची कमी आणि पळायची जास्त. मी तिरोड्याला पोस्टात काउंटरवर. नवरा वीज प्रकल्पात शिफ्टवर, तोही ठेकेदाराकडे, त्यामुळे त्याची सुट्टी देवाच्या हातात. सासूबाई गावी. त्यांना बोलवावं तर धानाची रोवणी तोंडावर आलेली आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. अंगणवाडीत जाऊन आले, तर एवढं लहान लेकरू दिवसभर ठेवून घ्यायची सोयच नाही म्हणाल्या. मी घरात भांडी आपटत फिरत होते आणि नवरा मला विचारत होता, काय झालं. काय झालं म्हणे!

शोधता शोधता दोन पाळणाघरं कळली.

पहिलं नणंदेनं सुचवलं. नणंद म्हणजे नवऱ्याची आतेबहीण, आणि पाळणाघराची मॅडम तिची सख्खी जाऊ. नणंदेनं आधीच फोन करून ठेवला, की शनिवारी अकरा वाजता आमची माणसं येतील. आम्ही तयार होऊन गेलो. नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, मी ठेवणीतली साडी काढली, लेकीला काजळ, तीट, नवा फ्रॉक. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. मुलगी पाहायला निघावं तसे आम्ही निघालो होतो.

मॅडम दारातच उभी होती. आत बसवलं, पंखा लावला, थंड पाणी आणलं. मग पोहे, वर भरपूर शेव, मग चहा. मॅडम गोंदियाची, बोलणं सगळं हिंदीत आणि साखरेसारखं. मी मोबाईलमध्ये अकरा प्रश्न लिहून नेले होते. लेकरं किती, त्यांच्याजवळ कोण बसतं, पाणी कुठे साठवता, मागच्या दाराला कडी आहे का, ताप आला तर कुणाला फोन करता. पण पोह्यांची बशी हातात आली आणि माझी जीभच लुळी पडली. ज्या घरचे पोहे खातोय त्या घराला मागच्या दाराची कडी कशी विचारायची? त्यात ती नणंदेची जाऊ. मी वेळ आणि खाणं, एवढं दोनच विचारलं. मग तिनं दारातूनच खोली दाखवली. भिंतीवर रंगीत हत्ती, प्लास्टिकची घसरगुंडी, चटईवर बसलेली चार-पाच लेकरं, कोपऱ्यात कॅमेरा. फोनवर केव्हाही बघा म्हणाली. "आप बिलकुल टेंशन मत लो, भाभी." आम्ही पाऊण तास तिथे बसलो आणि खूश होऊन निघालो.

दुसरं पाळणाघर पोस्टात झाडू मारायला येणाऱ्या बाईनं सांगितलं होतं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी बाई समोरच्या खोलीत लेकरं सांभाळते. तिला दोनदा फोन लावला, तिनं उचलला नाही. इतकं आलोच आहोत तर बघून घेऊ म्हणून तसेच गेलो.

दार अर्धं उघडं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसलेली. मांडीवर एक लेकरू झोपलेलं, समोर दोघं, त्यांना ती वरणभात भरवत होती. चौथं तिच्या पदराचं टोक धरून उभं. आम्ही नमस्कार केला. तिनं वर पाहिलं, पण उठली नाही.

"लेकरं जेवून राहिले, बाई. उभं राहाचं असन तं राहा, नाही तं मंग ये."

बस म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही. आमच्याकडे भांडण झालेला माणूस दारात आला तरी आधी तांब्या पुढे करतात. आम्ही उंबऱ्याबाहेर चपलांत उभे, नवरा चपलांकडे बघतोय, आणि मी रागानं लाल. तरी उभ्याउभ्याच विचारलं, लेकरं किती घेता. ती म्हणाली, पाच, आता चार आहेत, सहावं घेत नाही. खायला काय देता विचारलं तर म्हणाली, जे रांधलं ते. एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं आणि समोरच्या पोराच्या हनुवटीवरचं वरण पुसलं. काय तोरा बाईचा! गाडीवर बसल्यावर मी नवऱ्याच्या पाठीशी घरापर्यंत बडबडत आले.

संध्याकाळी सासूबाईंना फोन केला. दोन्ही घरांची हकीकत सांगितली. पाण्याचं ऐकताच त्यांनी निकाल देऊन टाकला.

"जे बाई घरी आलेल्या माणसाले पाणी नाही विचारत, ते तुया लेकराले काय विचारन?"

माझ्याही मनात तेच होतं. मी मोबाईलमध्ये दोन्ही घरांची तुलना लिहिली होती. एकाखाली स्वच्छता, कॅमेरा, पंखा, खेळणी, ओळखीची माणसं. दुसऱ्याखाली एकच ओळ, पाणीसुद्धा विचारलं नाही. ते नाव मी पुसून टाकलं.

सोमवारी लेकीला मॅडमकडे सोडलं. ती रडली, मीही गाडीवर रडले. सोमवार गेला, मंगळवार गेला. काउंटरखाली मोबाईल ठेवून मी दर थोड्या वेळानं कॅमेऱ्यात बघायची. हत्तीवाली भिंत दिसायची, चटई दिसायची, माझी लेक दिसायची. छातीतला दगड जरा हलका व्हायचा आणि मी पुन्हा रजिस्ट्रीच्या पाकिटांवर शिक्के मारायची.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास बघितलं तर खोलीत तीन लेकरं होती. माझी नव्हती. म्हटलं, कोपऱ्यात असेल. दोन मिनिटांनी पुन्हा बघितलं. तीच तीन. बाजूला कुणी मोठं माणूसही नाही. मॅडमला फोन लावला, घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. समोर रांगेतला माणूस म्हणाला, "काय जी, पावती देता का नाही?" मी शिक्का तिथेच टाकला, पोस्टमास्तरांना काय सांगितलं ते आठवत नाही, आणि स्कूटी काढली. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती आणि संपतच नव्हती. त्या फाटकाशी उभी राहून मी ज्या देवांना कधी हात जोडले नाहीत त्यांनाही बोलावलं.

पोचले तर पाळणाघरासमोर एक चकचकीत मोटारसायकल. बैठकीत एक जोडपं बसलेलं, बाईच्या मांडीवर नव्या फ्रॉकमधलं लेकरू, दोघांच्या हातात पोह्यांच्या बश्या. मॅडम त्यांना आग्रह करून शेव वाढत होती. मला बघून हसली, "अरे भाभी, आप? आओ, बैठो ना." मी न थांबता खोलीत घुसले. तीन लेकरं, घसरगुंडी, आणि पलीकडे मागचं दार सताड उघडं.

मागच्या अंगणात नळाखाली मोठा टब काठोकाठ भरलेला. माझी लेक त्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलून उभी होती. पोट टबाच्या काठावर, तोंड पाण्यात बुडेल इतकं खाली. पाण्यात एक वाटी तरंगत होती, ती तिला हवी होती. मी हाक मारली नाही. हाक मारली तर ती दचकेल एवढं कळलं, कसं कळलं देव जाणे. चार पावलं गेले आणि तिला कमरेला धरून उचललं. फ्रॉक गळ्यापर्यंत ओला. वाटी राहिली म्हणून ती माझ्यावरच रागावून ओरडायला लागली.

मदतीची बाई आज आली नव्हती, मॅडम सांगत होती. बस दो मिनट की बात थी, भाभी. तेवढ्यात आतून बशीत चमचा वाजला. शनिवारी आम्ही पाऊण तास तिथे बसलो होतो. आम्हाला पोहे, पाणी, चहा देत ही बाई आमच्याजवळच होती. त्या पाऊण तासात त्या लेकरांजवळ कोण होतं? हे मी विचारलंच नव्हतं. अकरा प्रश्नांत होतं ते, दुसऱ्याच नंबरवर, आणि मी शेव खात बसले होते.

ओलं लेकरू कडेवर घेऊन मी सरळ बसस्टँडच्या मागे गेले. म्हातारी तशीच भिंतीला टेकून बसलेली. मी उंबऱ्यात उभी राहिले. ती आजही उठली नाही. तिनं ओल्या फ्रॉककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी काय झालं ते सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू कोसळलं. तिनं काही विचारलं नाही. मांडीवर कुणी झोपलेलं होतं, म्हणून तिनं बाजूची जागा हातानं पुसली.

"बसव इथं. माहा हात आहे तिच्यापाशी."

रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. रोवणी उरकली तशा त्या स्वतःच बसनं आल्या. म्हणाल्या, मले पाहू दे. लेकीला मॅडमकडून काढलं म्हणून नणंदेनं आमच्याशी बोलणं टाकलंच होतं. आता सासूबाई काय म्हणतात याची धास्ती. दुसरीकडे ठेव म्हणाल्या असत्या तर दुसरीकडे नव्हतंच कुठे.

आम्ही दुपारी गेलो. न सांगता. म्हातारी पाच लेकरांना भरवत होती, माझी तिच्या गुडघ्याला टेकून. सासूबाईंनी नमस्कार केला. म्हातारीनं मान हलवली आणि पुढचा घास केला. सासूबाई नऊवारीचा ओचा सावरत उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर होतं. त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. मी दोनदा त्यांच्याकडे बघितलं, त्यांची नजर आतच. एक पोर रांगत दाराकडे निघालं. म्हातारीनं घास हातात असतानाच दुसऱ्या हातानं त्याचा पाय धरून मागे ओढलं, त्याच्याकडे न बघता. सासूबाई शेवटचं लेकरू जेवून होईपर्यंत उभ्या होत्या. मग वळल्या.

घरी आल्यावर स्वतःच माठातून लोटा भरून घेतला, उभ्यानंच पूर्ण प्याल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"पाणी नाही देलं तिनं मले," त्या म्हणाल्या. "देलं असतं, तं मी तवाच लेकरू उचलून घरी आणलं असतं."