रंधा न मारलेल्या फळ्या

फादरांच्या शाळेचं नाव दोन कामांना यायचं. कार्टं ऐकत नसलं की आई म्हणायची, "थांब, फादरांच्या शाळेतच घालते तुला!" आणि तेच कार्टं पुढे कुठे चांगल्या जागी चिकटलं की शेजारीण म्हणायची, "असणारच, फादरांच्या शाळेतला ना तो!" दीडशे वर्षं शाळेने दोन्ही कामं इमानेइतबारे केली.

पाहुणे आले की त्यांना आधी दगडी कमानी दाखवायच्या, मग मनोऱ्यावरचं घड्याळ, मग चॅपेलच्या रंगीत काचा. शेवटी एखाद्या वर्गात नेऊन सांगायचं, "बाकावर हात फिरवून बघा. सगळ्या शाळेत बाकावर एक ओरखडा दाखवा. ही आमच्या मुलांची शिस्त!"

हे वाक्य कानावर पडलं की मिस्त्रीला हटकून ठसका लागायचा.

मिस्त्री म्हणजे शाळेचा सुतार. बुटका, खांदे रुंद, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल तो अंघोळीलाही काढत नाही, असं बायकोचं म्हणणं. एकोणिसाव्या वर्षी सुट्टीपुरता म्हणून कामावर आला आणि आता पंधरा दिवसांनी निवृत्त होणार होता. सुट्टीपुरता आलेला माणूस एकेचाळीस वर्षं टिकला, त्याचं कारण त्या ठसक्यातच होतं.

त्या पहिल्या सुट्टीत थोरले फादर मुख्याध्यापक होते. त्यांच्या नुसत्या खोकण्याने अख्खा वर्ग उठून उभा राहायचा. त्यांनी पोराला बाक दाखवले. एकशे ब्याण्णव बाक, जाड सागवानी फळ्या, आणि प्रत्येक फळीवर कर्कटकाने कोरलेली नावं, टोपणनावं, मास्तरांची नाकं.

"शाळा उघडायच्या आत एकूण एक फळीवर रंधा मार. एक अक्षर दिसता कामा नये."

पोराने दहा फळ्या रंधल्या. लाकूड लोखंडासारखं, अक्षरं बोटभर खोल. दहाव्या फळीला खांद्यातून कट्‌कन आवाज आला आणि हात वर जाईना. शाळा आठ दिवसांवर. अकराव्या फळीचे स्क्रू डाव्या हाताने काढून तो तिच्याकडे बघत बसला. मग सहज उलटी करून पाहिली. खालची बाजू कोरी करकरीत! ही बुद्धी देवाने दिली की दुसऱ्या कुणी, याचा निकाल त्याच्या मनात आजवर लागलेला नव्हता. पण उरलेल्या एकशे ब्याऐंशी फळ्या त्याने उलट्या करून बसवल्या आणि वर झकास पॉलिश मारलं. नावं खाली, दप्तर ठेवायच्या खणात दडली.

थोरल्या फादरांनी हात फिरवला. "सगळ्यांवर रंधा मारलास?"

"होय, फादर."

"एकट्याने?"

"होय, फादर."

त्याच दिवशी त्याला कायम केलं. आणि नवल असं, की त्यानंतर बाकांवर नवं नाव उमटलंच नाही. थोरले फादर म्हणाले, हा माझ्या छडीचा प्रताप. मिस्त्री म्हणाला, देवाची कृपा. तेव्हापासून त्याने बाकांचे पाय बदलले, पाठी बदलल्या, पण फळीच्या स्क्रूला पेचकस म्हणून लावला नाही.

आता नव्या फादरांनी बोलावून घेतलं. भला माणूस, चार वर्षांपूर्वीच बदलून आलेला.

"मिस्त्री, नवे बाक येतायत. पण जुनं सागवान भंगारात घालायला जीव होत नाही. सगळ्या फळ्या काढून सभागृहाच्या भिंतीला लावू. शिस्तीचं स्मारक! परवा माजी विद्यार्थी येतील. त्यांच्यासमोर पहिली फळी तुम्ही उघडायची. मान तुमचा."

"होय, फादर," मिस्त्री म्हणाला. सवयच ती.

घरी त्याने चहाला तोंड लावलं नाही, तेव्हाच बायकोने ओळखलं.

"काय झालं?"

"फळ्या उघडायच्यात."

जगात हे गुपित तिला एकटीलाच ठाऊक होतं. "मग मारा की रंधा दोन दिवसांत!"

"एकशे ब्याऐंशी फळ्या? या खांद्याने? अगं, एकोणिसाव्या वर्षी जमलं नाही ते!"

"मग सरळ सांगून टाका."

"आत्ता? निरोपाच्या तोंडावर? चोर म्हणून निघायचं का मी?"

"अहो, फळ्या उघडल्यावर कळलं तर चोर. आधी सांगितलंत तर निदान आळशी. आळशी बरा!"

मिस्त्रीने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

परवाचा दिवस उजाडला. सभागृहात मधोमध एक बाक, भोवती पंधरा-वीस माजी विद्यार्थी. पुढे न्यायाधीश, पोट सावरून बसलेले. शेजारी एक डॉक्टर, आणि कामावरून गणवेशातच आलेला एक बसचा ड्रायव्हर. फादर रंगात आले होते. "एकेचाळीस वर्षं एक ओरखडा नाही! आणि ज्या हातांनी हे बाक राखले..."

"फादर," मिस्त्रीचा आवाज चिरकला. "टाळ्या नकोत. आधी ऐकून घ्या."

त्याने सांगितलं. खांदा, दहा फळ्या, उलटलेल्या एकशे ब्याऐंशी, आणि दोनदा म्हटलेलं 'होय, फादर'. सांगताना तो पेचकसाकडेच बघत होता.

फादरांचा चेहरा उतरला. "म्हणजे खाली नावं आहेत?"

"आहेत, फादर."

"उघडा."

गंजलेले स्क्रू कुरकुरत निघाले. मिस्त्रीने फळी उलटी केली आणि स्वतःच दोन पावलं मागे सरला. जुनी खोल नावं होतीच. पण त्यांच्या मधून, वरून, कडेकडेने दुसरीच अक्षरं दाटली होती. वाकडीतिकडी, आंधळ्याने कोरल्यासारखी.

"फादर, ही माझी नव्हेत! म्हणजे... ही तेव्हा नव्हती! हे साल बघा. मी फळी उलटी केल्यावर नऊ वर्षांनी! बंद फळीच्या आत कोण शिरलं?"

ड्रायव्हर खोकला. डॉक्टर बुटांकडे बघू लागले. न्यायाधीश छताकडे.

"साहेब?" मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्रीकाका," न्यायाधीशांनी उसासा सोडला, "गुन्हा कबूल. त्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मी खणात दप्तर सारलं आणि बोटाला माझंच नाव लागलं. दुपारपर्यंत साऱ्या शाळेला खबर."

"आणि कुणी बोललं नाही?"

"कुणाला सांगणार, थोरल्या फादरांना?" ड्रायव्हर उसळला. "तुमची नोकरी गेली असती, आणि दुसरा मिस्त्री खराच रंधा घेऊन आला असता! मग ठरलं. वर कोरायचं नाही. खणात हात घालून, मास्तरांकडे भोळ्या तोंडाने बघत, आतून कोरायचं. नवीन पोरगं आलं की मोठी पोरं पहिल्या दिवशी हेच शिकवायची. पाढे मागाहून!"

"मी एकदा विसरून वर रेघ मारली," डॉक्टर म्हणाले, "तर ह्या न्यायमूर्तींनी कान उपटले होते माझे. अजून एक लांब आहे."

हशा उसळला. फक्त फादर हसले नाहीत. ते बाकापाशी वाकले, डोळे मिटून त्या आंधळ्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. कुठल्याशा अक्षरांपाशी बोट थांबलं. "'ग-णि-त न-को'," त्यांनी चाचपडत वाचलं, आणि खांदे गदगदा हलू लागले. मिस्त्री घाबरला. मग कळलं, हसतायत.

"मिस्त्री," डोळे पुसत ते म्हणाले, "खोटं बोललात, ते बोललात. पण मला सांगा, भिंतीला कुठली बाजू बाहेर लावायची?"

"तुम्ही म्हणाल ती, फादर."

"मी नाही म्हणणार. मी इथला चार वर्षांचा. एकेचाळीस वर्षं तुमची आहेत."

मिस्त्रीने फळीची गुळगुळीत बाजू पाहिली. त्याचं पॉलिश अजून चमकत होतं. मग ती पालथी घातली.

"नावं बाहेर, फादर. पण पंधरा दिवसांत नाही व्हायचं. सहा महिने लागतील."

"मग सहा महिने निवृत्ती नाही. घरी तुम्हीच सांगा."

"फादर, ते एवढं तुम्ही सांगा ना!"

तोवर सभागृह अर्धं रिकामं झालं होतं. जिन्यावर बुटांची धावपळ, वर्गावर्गांतून बाक ओढल्याचे आवाज. सातवीच्या वर्गात न्यायाधीश गुडघ्यांवर बसून खांद्यापर्यंत हात खणात घालून चाचपडत होते, आणि खिडकीतून ड्रायव्हर बोंबलत होता, "मिस्त्रीकाका, पेचकस घेऊन वर या लवकर! साहेबांचा हात अडकलाय!"