पंच्याची घडी

दुपारचं जेवून पडवीतल्या दिवाणावर आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात तोच वडिलांचा, नानांचा, शेवटचा साधा दिवस समोर येतो. नाना पावट्याच्या शेंगा सोलत बसलेत. फाटकाशी बाबालालकाकांच्या सायकलची घंटी वाजते. नाना शेंगा तशाच ठेवतात, खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकतात आणि न बोलता निघतात. एरवी ते "येतो" म्हणतात. मयताला जाताना म्हणत नाहीत. संध्याकाळी नदीवर आंघोळ करून परततात, उसळ चवीनं खातात. दुसऱ्या सकाळी उठत नाहीत.

नाना, बाबालालकाका आणि आणखी दोघे, असे आमच्या कराडात चौघे खांदेकरी होते. ज्याला कुणी नाही त्याला आपण, एवढंच त्यांचं ठरलेलं. नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, त्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. चौघांतला एक गेला की त्याचा पंचा त्याच्या घरी ठेवतात. घरातल्या कुणी उचलला तर जागा भरली. नाहीतर धुऊन परत द्यायचा. मी तो धुतलाय, इस्त्री करून पातळ घडी उशाशी ठेवलीय. आज काका तो न्यायला येणार आहेत.

"काय गं कुमे, परत देतेस?"

नाना दिवाणाच्या कडेला बसलेत. केसांतून नदीचं पाणी ठिबकतंय.

"मी बाई माणूस, नाना."

"ते मला तू जन्मलीस तेव्हाच कळलं."

मला हसू येतं. दिवाण आता शाळेतला बाक आहे. मागून कुणीतरी कुजबुजतं, "मढी उचलणाऱ्याची पोरगी." नाना माझ्या शेजारी, गुडघे कसेबसे बाकाखाली कोंबून बसलेत.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"जी चिडवायची, तिचीच आई पुढे वारली. खांद्याला कुणी नव्हतं, तिला तुम्हीच पोचवलंत."

"असेल. कुणाची आई, ते आम्ही विचारलं नव्हतं."

काळा फळा पाण्यासारखा हलतो. आम्ही घाटाकडच्या वाटेवर आहोत. माझ्या डाव्या खांद्यावर तिरडीचा बांबू आहे, पलीकडे बाबालालकाका. नानांचा खांदा मोकळा आहे. ते माझ्या कडेनं चालताहेत.

"तुझ्या बाजूचा कोपरा खाली चाललाय!" काका ओरडतात. "म्हातारा घसरेल!"

"घसरला तरी पळून तर जात नाही ना," नाना म्हणतात.

"माझी उंची कमी पडते," मी म्हणते. काकांनाही मी आज हेच कारण सांगणार आहे.

नाना माझ्या खांद्यावरचा पंचा काढतात. घडीवर घडी घालतात, उशीसारखी जाड, आणि बांबूखाली सरकवतात. तिरडी सरळ होते.

"माझ्या पहिल्या दिवशी बाबालालनं अशीच करून दिली होती. चौघांची उंची कधी सारखी असते का?"

"वर कोण आहे, नाना?"

"विचारायचं नाही."

"पण वजनच लागत नाही."

"चौघं असले की नाही लागत."

नदी पायांशी येते. मी वळून बघते. नाना काही न बोलता निघालेत.

घंटीनं जाग येते. पडवीत ऊन होतं तिथंच आहे. उशाशी काही नाही. पंचा माझ्या डाव्या खांद्यावर आहे, इस्त्री मोडलेला, घडीवर घडी घातलेला.

काका टोपी हातात घेऊन फाटकाशी उभे. "धुतलास का गं? आण."

मी पंचा खांद्यावरून काढत नाही. ते घडीकडे बघतात.

"ही घडी तुला कुणी शिकवली?"

मी त्यांना सांगणार असते, पण मान वळते ती रिकाम्या खुंटीकडे. आमच्या घरात बापाचे आभार कुणी मानत नाही.

"नाना," मी मोठ्यानं म्हणते, "तुमच्या पोटी आले, फार बरं झालं."