स्टोव्हवाल्याने दुरुस्त केलेली बंदूक

जळगावच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणारा एक धुळ्याकडचा माणूस बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. हवेच्या बंदुकीतही स्टोव्हसारखाच पंप असतो, म्हणून असोद्याहून आमची बंदूक त्याच्याकडे नेली. नेम लागत नव्हता, पोपट ज्वारी फस्त करत होते आणि आबा, म्हणजे माझे वडील, माझ्यावर चिडले होते.

त्याने पंप कानाशी धरून हवा कुठून सुटते ते ऐकलं. आतलं वाळलेलं कातडं एरंडेलात भिजवून मायेनं चोळलं, दस्त्याचे ढिले स्क्रू आवळले. मग दुकानामागे लांब एक डबडं ठेवलं. माझे पाचही छर्रे लागले. त्याने छपरावरचा पारवा दाखवला. तिथे मात्र माझा नेम चुकला.

तो पारव्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"बंदूक चांगली शे, भाऊ. पाखरू दिसनं का तुम्ही डोया मिटतस."

मी ओशाळलो. तो हसला नाही.

"छर्रा टाकूच नका. पंप भरा नि नुसता बार काढा. आवाज ऐकीसनच पोपट उडी जातीन."

त्या साली ज्वारी मी रिकाम्या बंदुकीनं राखली. स्टोव्हवाल्याच्या हाताला गुण आहे, असं आबा गावभर सांगत राहिले.