टेबल उचलायला चला

त्या दिवशी शेजारच्या गावात मंडई होती. दिवाळीनंतर आमच्या देवरीकडे गावोगावी मंडई भरते, दिवसभर दुकानं आणि रात्रभर नाटक. त्यामुळे दुपारीच आमचं कॉलेज ओस पडलं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. जर्नल अपुरं होतं म्हणून मी आणि माझी रूममेट वरच्या मजल्यावर, बॉटनीच्या लॅबमध्ये बसलो होतो.

एरवी हायवेवरचे ट्रक ऐकूसुद्धा येत नाहीत. त्या दुपारी मात्र प्रत्येक ट्रक गेला की कपाटातल्या बरण्या किणकिणत होत्या. ती किणकिण थांबली की मागे एक आवाज उरायचा. बाळाला जोजवावं तसं कोणीतरी हळू बोलत होतं.

“बोल नं. एक डाव बोल. बोल नं.”

पुन्हा तेच. राग नाही, घाई नाही.

रूममेटचा पेन थांबला. “तू बी आयकून राहिली का?”

मी दाराशी आले. जिन्याच्या पलीकडे कॉरिडॉर बंद होतो. तिथं भिंतीला पाठ लावून दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी होती. तिला मी फक्त चेहऱ्यानं ओळखत होते. तिच्यासमोर माझ्याच वर्गातला एक मुलगा होता, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला. त्याचा एक हात तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर होता, दुसरा खांद्याच्या पिशवीत. तो हसत होता. ती रडत नव्हती. पापणीही हलत नव्हती. ती तिथं नाहीच, असं मला वाटलं.

जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर पहिल्या वर्षाची तीन मुलं मोबाइलात मान घालून बसली होती.

“काय चालू आहे रे तिकडं?” मी हळूच विचारलं.

“त्याइचं आपसातलं होय, ताई,” एक जण वर न बघता म्हणाला.

तेव्हा मला दिसलं, तिघांच्याही मोबाइलचे स्क्रीन काळे होते.

“खाली ऑफिसात सर आहेत, त्यांना आण. पळू नको,” मी रूममेटला सांगितलं आणि पुढं गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, “तू इथं काऊन उभी? मॅडम तुझं जर्नल मागून राहिल्या.”

कॉलेजात त्या वेळी एकही मॅडम नव्हत्या. त्यानं मान वळवली.

“येते ती,” तो त्याच मऊ आवाजात म्हणाला. “तू जाय.”

पिशवीतला हात बाहेर आला नाही. माझे पाय मागं फिरायला बघत होते. मी जागेवरूनच ओरडले, “ए पोट्टेहो, तिघंही इकडं या! लॅबातलं टेबल सरकवाचं आहे, आमच्यानं हालून नाई राहिलं!”

मग एकाची चप्पल वाजली, पाठोपाठ बाकीच्यांची. तिघं येऊन माझ्या मागं उभे राहिले.

तो हसला. “टेबल? चला, मी बी हात लावतो.”

त्याचा हात पिशवीतून रिकामा बाहेर आला. माझ्याजवळून जाताना पिशवीतलं काहीतरी टणक माझ्या कोपराला घासलं.

आणि त्यानं खरंच टेबल उचललं. “कुठं ठेवाचं?” त्यानं विचारलं. मी खिडकीकडे बोट दाखवलं. टेबल डुगडुगत होतं, तर त्यानं कागदाची घडी करून पायाखाली सरकवली. तेवढ्यात सर आले. रूममेट त्या मुलीचा हात धरून तिला खाली घेऊन गेली.

मी नजरेनं दाखवली तशी सरांनी पिशवी मागितली. त्यानं मुकाट्यानं दिली. आत कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेला विळा होता, नुकताच धार लावलेला.

“धान कापाचा आहे, सर.”

कापणीचेच दिवस होते. विळा घरोघरी होता.

“कोऱ्या टॉवेलात?” सरांनी विचारलं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, “टेबल सरळ झालं नं?”

पोलीस आले, त्याचे वडील आले. तो पुन्हा कॉलेजात दिसला नाही. ऑफिसात त्या मुलीला आम्ही पाणी दिलं. ती म्हणाली, कितीतरी दिवसांपासून ती जाईल तिथं तो उभा असायचा आणि ‘बोल नं’ एवढंच बोलायचा. मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसल्या होत्या.

मग काही दिवस ती आलीच नाही. नंतर आई तिच्यासोबत यायची आणि वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यात बसायची.

त्या तिघांतला एक जण मला कॅन्टीनमध्ये भेटला. “आमाले समजत होतं, ताई,” तो म्हणाला. “पण उठून काय म्हनाचं, तेच सुचत नोतं.” मी त्याला चहा पाजला. मलाही कुठं सुचलं होतं?

ती मुलगी आता गोंदियाला नर्स आहे. बसस्टँडवर मी दिसले की लांबूनच अशी जोरात हाक मारते, की सगळं स्टँड वळून बघतं.